जर्मनीत धर्माचा रकाना भरण्याआधी

जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. इंदूरमध्ये शाळेच्या फॉर्मपासून जनगणनेपर्यंत धर्म सांगायची सवय असते, म्हणून आपली मुलं तो विचार न करता भरतात. जर्मनीत मात्र तो रकाना थेट पगाराला जोडलेला आहे. हिंदू, जैन किंवा मुसलमानाला त्यातून काही लागू होत नाही. पण इंदूरच्या व्हाइट चर्च भागात वाढलेल्या एखाद्या ख्रिस्ती मुलाने तिथे 'कॅथलिक' लिहिलं, तर ती नोंद टॅक्स खात्यात जाते आणि पगाराच्या स्लिपवर 'किर्शेनश्टॉयर', म्हणजे चर्चचा कर, कापला जाऊ लागतो.

हा कर पगारावर नसून आयकरावर बसतो. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये दर 8 टक्के, बाकी राज्यांत 9. महिन्याला 600 युरो आयकर जात असेल तर चर्चचे 54 युरो, म्युनिकमध्ये 48. वार्षिक रिटर्न भरताना ही रक्कम उत्पन्नातून वजा मिळते, तेव्हा ती दाखवायला विसरू नका. गफलत होते ती प्रोटेस्टंटांची. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या पंथाचा माणूस ढोबळपणे 'एव्हांगेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, असं लिहितो आणि तिथल्या प्रांतिक चर्चचा सभासद म्हणून नोंदला जातो. आपला पंथ नेमका कोणता, ते तिथेच स्पष्ट सांगा. खोटंही लिहू नका. कॅथलिक बाप्तिस्मा झालेला माणूस सभासदच धरला जातो आणि ते पुढे उघड झालं तर मागची बाकी एकदम अंगावर येते.

भारतात राज्यघटनेच्या कलम 27 नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. जर्मनीत मात्र 1919 च्या वायमार घटनेने धर्मसंस्थांना कराचा हक्क दिला आणि 1949 च्या घटनेने तो जसाच्या तसा उचलला. वसुली बहुतेक ठिकाणी सरकारी टॅक्स खातं करतं आणि त्याबद्दल काही टक्के स्वतःकडे ठेवतं. 2022 मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन मोठ्या चर्चना मिळून सुमारे 13 अब्ज युरो मिळाले. त्याशिवाय 1803 च्या सुमारास जप्त झालेल्या चर्चच्या जमिनींची भरपाई म्हणून बहुतेक राज्यं आजही दरवर्षी पैसे देतात. हे देणं एकदाचं चुकतं करून संपवा, असं 1919 च्या घटनेतच लिहिलं आहे. पण मोठी रक्कम एकदम काढून द्यायला कोणतंही राज्य सरकार तयार होत नाही.

कर घेण्याचा हा हक्क कागदोपत्री कुठल्याही धर्माला मिळू शकतो. त्यासाठी 'सार्वजनिक कायद्याखालील संस्था' असा दर्जा लागतो आणि घटनेची अट आहे की संस्थेची रचना व सभासदसंख्या पाहून ती टिकेल अशी खात्री वाटावी. प्रत्यक्षात अधिकारी सभासदांची यादी मागतात. खरी अडचण इथे आहे. मशिदीत किंवा देवळात येणाऱ्याचं नाव कुठल्या रजिस्टरात नसतं. इंदूरच्या खजरान्याच्या गणपतीला जाणाऱ्यांची यादी कोण देणार? अहमदिया जमात या मुस्लिम पंथाकडे शिस्तीत सभासद-नोंदणी आहे आणि तिला हेसेन राज्यात 2013 मध्ये हा दर्जा मिळाला. बहुतेक मशिदी आणि देवळं अजून साध्या नोंदणीकृत मंडळांवर चालतात. त्याला किमान 7 सभासद लागतात आणि पैसा देणग्यांतूनच उभा करावा लागतो. मग पोकळी बाहेरचा पैसा भरून काढतो. जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या मशीद-संघटनेच्या इमामांचे पगार वर्षानुवर्षं तुर्कस्तानचं सरकार देत आलं, आणि त्यांच्याबरोबर तुर्की राजकारणही मशिदीत आलं. तुर्कस्तानातून येणारे इमाम टप्प्याटप्प्याने कमी करून नवे इमाम जर्मनीतच घडवायचे, असं दोन्ही सरकारांनी डिसेंबर 2023 मध्ये ठरवलं. आमच्या मते कायद्याचं माप चर्चच्या अंगावर बेतलेलं आहे. इतरांना ते नाकारलेलं नाही, पण त्यात बसायचं तर त्यांना आधी चर्चसारखं व्हावं लागतं.

चर्च सोडायचं असेल तर साधारणपणे पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं: नॉर्थ-राइन वेस्टफालियात स्थानिक न्यायालयात, बव्हेरियात जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात. बहुतेक ठिकाणी फी साधारण 30 युरो. पाद्रीबाबांना पत्र पाठवून काम होत नाही. मिळालेला दाखला कधीही टाकू नका. काही वर्षांनी पत्ता बदलल्यावर किंवा दुसऱ्या राज्यात गेल्यावर पुन्हा विचारणा होते आणि पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. सोडण्याची किंमतही आहे. बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार कॅथलिक माणसाला त्यानंतर संस्कार मिळत नाहीत, आणि चर्चच्या रुग्णालयात किंवा बालवाडीत नोकरी असेल तर चर्च सोडण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी नोकरीचा करारनामा नीट वाचावा.

हिंदू नवरा आणि चर्चची सभासद बायको, अशा जोडप्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. दोघांचं रिटर्न एकत्र भरलं आणि तिची कमाई नगण्य असली, तर काही चर्च त्याच्या कमाईसह एकत्रित उत्पन्नाच्या आधारावर तिच्याकडून 'विशेष चर्चपट्टी' घेतात. उत्पन्नानुसार वर्षाला 96 ते 3,600 युरो. सगळीकडे ती नाही; बव्हेरियातल्या प्रोटेस्टंट चर्चने ती बंद केली आहे. लग्नानंतरचं पहिलं रिटर्न भरण्याआधी सल्लागाराकडून एकत्र आणि वेगळं असे दोन्ही हिशेब मांडून घ्या.