देगलूरच्या बोअरचा चुरा

देगलूर तालुक्यातले एक काका खताच्या पिशवीत बोअरचा चुरा घेऊन आमच्या लॅबमध्ये आले. अमेरिकेत शेल गॅसच्या (शेल नावाच्या खडकात अडकलेल्या गॅसच्या) ड्रिलिंगमधून किरणोत्सारी कचरा निघतो, असं त्यांच्या मुलाने मोबाईलवर पाहिलं होतं. "सायब, असलाच चुरा अंगणात पसरलाय. लेकरं त्याच्यावरच खेळतेत. आजच सांगा काय हाय ते."

भीती अगदीच निराधार नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलमध्ये युरेनियम साचलेलं आहे आणि तिथल्या विहिरींच्या खाऱ्या सांडपाण्यात युरेनियमपासून तयार होणारं किरणोत्सारी रेडियम-226 येतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 1600 वर्षं. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, त्यात हे सगळं कमीच. किल्लारीला भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा ग्रॅनाइट लागायच्या आधी 338 मीटर काळा पाषाणच होता. देगलूर-बिलोलीकडे मात्र ग्रॅनाइट उघडाच पडलाय. काकांचा चुरा तळहातावर घेतला तर त्यात गुलाबी कण होते. फेल्डस्पार, ग्रॅनाइटमधलं खनिज! म्हणजे पोटॅशियम आलंच, आणि त्यातलं थोडं किरणोत्सारी असतं.

चुरा वाळवला, दळला, डब्यात भरून झाकण अॅराल्डाइटने बंद केलं आणि गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टरवर ठेवला. पोटॅशियम-40 चं 1460 केईव्हीचं (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखर लगेच वर आलं. रेडियमचं तसं नसतं. त्याची स्वतःची 186 केईव्हीची रेषा, म्हणजे शिखर, युरेनियम-235 च्या रेषेत मिसळते, म्हणून आम्ही बिस्मथ-214 ची 609 ची रेषा धरतो. रेडियमपासून रेडॉन आणि रेडॉनपासून हे बिस्मथ तयार होतं, आणि रेडॉन पडला वायू. दळतानाच त्यातला काही भाग निसटतो. 3.8 दिवसांच्या अर्धायुष्याने तो पुन्हा पुरेसा साठायला महिना लागतो. त्या दिवशीचा आकडा सांगितला असता तर काका खूश होऊन गेले असते. पण ज्या अंगणात लेकरं खेळतात, त्याच्याबद्दल कमी भरलेला आकडा मी कसा देणार? "काका, महिनाभर थांबा," म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं.

महिन्याने तोच डबा, तोच डिटेक्टर. 609 चं शिखर ठळक उंचावलेलं. रेडियम आमच्या लातूरकडच्या काळ्या पाषाणाच्या नमुन्यांपेक्षा बरंच जास्त निघालं, तरी ग्रॅनाइटला साजेसंच. काकांना फोन करून सांगितलं: उघड्या अंगणात राहू द्या, रेडॉन वाऱ्यावर जातो, बंद खोलीच्या जमिनीखाली मात्र हा चुरा भरू नका.

"अन् पाणी?" त्यांनी विचारलं. खरं तर मला त्याचीच जास्त काळजी होती. ग्रॅनाइटच्या बोअरला फ्लोराइडही असू शकतं. म्हटलं, प्लास्टिकच्या बाटलीत फ्लोराइडसाठी वेगळं पाणी आणा, आणि रेडॉनसाठी काचेची बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहता कामा नये.