दुसऱ्या देशाची जर्सी : माझा अनुभव

व्यावसायिक बास्केटबॉल खेळताना क्लब बदलणे आणि राष्ट्रीय संघ बदलणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. क्लब बदलताना जुन्या देशाच्या महासंघाकडून ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ आले की नव्या देशातल्या लीगमध्ये उतरता येते, आणि हे पत्र मी कारकिर्दीत कितीदा तरी मिळवले होते. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मात्र करार, पगार किंवा इच्छा यांपेक्षा तारखांना महत्त्व असते. एक प्रश्न असा की, वयाची १७ वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्ही एखाद्या देशाकडून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) मुख्य अधिकृत स्पर्धेत खेळला आहात का? खेळला असाल, तर तुम्ही तो देश निवडला असे धरले जाते आणि दुसऱ्या देशाचे दार जवळपास बंद होते. दुसरा प्रश्न असा की, नव्या देशाचे नागरिकत्व तुम्हाला १६ वर्षांच्या आधी मिळाले की नंतर?

ज्या देशात माझा जन्म झाला, त्याच्याकडून मी १६ वर्षांखालील गटाची खंडीय स्पर्धा खेळले होते. पुढे ज्या देशात क्लबसाठी गेले तिथेच स्थिरावले, तिथली भाषा शिकले, वास्तव्याची अट आणि भाषेची परीक्षा पार करून रीतसर नागरिक झाले. हा भाग वेळखाऊ होता, पण अवघड नव्हता. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. १७ वर्षांच्या आत एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडून खेळायचे असेल, तर दोन्ही महासंघांची संमती लागते. ती न मिळाल्यास फिबाचे महासचिव निर्णय देतात. नव्या महासंघाने पत्र तत्परतेने दिले. जुन्या महासंघाकडून नकारही येईना आणि होकारही येईना. त्यांच्या वरिष्ठ संघाने मला कधी सरावालासुद्धा बोलावले नव्हते, तरी हातातून काही निसटते आहे असे वाटले की माणसे कागद दाबून ठेवतात. संस्थाही त्याला अपवाद नसतात.

दरम्यान त्या स्पर्धेची जुनी गुणपत्रके मागवली गेली. बास्केटबॉलच्या गुणपत्रकात खेळाडू मैदानात उतरला की त्याच्या नावासमोर फुली मारतात, आणि सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती वर्तुळ काढतात. माझ्या नावासमोर एका सामन्यात वर्तुळातली फुली होती, दुसऱ्यात नुसती फुली आणि तिसऱ्यात काहीच नव्हते, म्हणजे तो सामना मी बाकावर बसून पाहिला होता. सामन्यांच्या तारखा जन्मदाखल्याशेजारी ठेवल्यावर मी तेव्हा १७ वर्षांची झाले नव्हते, हे निर्विवाद ठरले. ते पाहिल्यावर जुन्या महासंघाचे ना-हरकत पत्र आले आणि सगळी फाइल स्वित्झर्लंडमधील मीस येथे फिबाच्या मुख्यालयाकडे रवाना झाली.

परवानगी मिळाली, पण ती एका शिक्क्यासह. नागरिकत्व १६ वर्षांनंतरचे असल्यामुळे मी नियमाच्या दृष्टीने ‘नॅचरलाइज्ड’ खेळाडू ठरले, आणि बारा जणींच्या संघात अशी एकच खेळाडू घेता येते. हा नियम बड्या नावांनाही चुकलेला नाही. सर्ज इबाका आणि निकोला मिरोतिच हे दोघेही परदेशात जन्मून स्पेनचे झाले, पण एकाच स्पर्धेत दोघांना स्पेनची जर्सी घालता आली नाही. अमेरिकन खेळाडू जॉर्डन क्लार्कसनचे तर आईकडून फिलिपिन्सशी नाते होते. तरी पासपोर्ट उशिरा हाती आल्यामुळे २०२३ च्या विश्वचषकात तो याच एका जागेवर खेळला.

ही जागा लहान असली तरी तिचे वजन मोठे असते. जे. आर. होल्डन हा मूळचा अमेरिकन गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) २००३ मध्ये रशियाचा नागरिक झाला, आणि २००७ च्या युरोबास्केट या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माद्रिदमध्ये, स्पेनच्या घरच्या मैदानावर, त्याच्याच शेवटच्या बास्केटने रशिया ६०-५९ असा जिंकला. अमेरिकन खेळाडू बेकी हॅमन २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाकडून खेळली, तेव्हा मायदेशात तिच्या देशभक्तीवर जाहीर शंका घेतली गेली. तिने संघासोबत कांस्यपदक मिळवले. माझ्या वाट्याला जे चार कडवट संदेश आले, ते हॅमनने सोसले त्याच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. व्यावसायिक खेळाडूचे उमेदीचे वय फार थोडे असते, आणि जिथे आपण राहतो, कर भरतो, रोज सराव करतो, त्या देशाकडून खेळावेसे वाटण्यात मला तरी गैर काही दिसत नाही.

एका जागेच्या नियमाचा अर्थ मला पहिल्याच शिबिरात उमगला. तिथे माझी स्पर्धा इतर गार्डशी नव्हती, तर माझ्यासारख्याच नव्याने नागरिक झालेल्या एका उंच सेंटरशी, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूशी होती. तिचे आणि माझे खेळण्याचे स्थान वेगळे, सराव वेगळा, तरी अंतिम यादीत एक आली की दुसरी बाहेर जाणार. पात्रता सामन्यांच्या पहिल्या विंडोत, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या ठरावीक दिवसांत, संघाला रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर परतणारे चेंडू) हवे होते, म्हणून ती गेली. पुढच्या विंडोत दबावाखाली चेंडू पुढे नेणारी गार्ड हवी होती, म्हणून मी खेळले. दर विंडोला यादी नव्याने ठरत असल्यामुळे प्रशिक्षक अजूनही आम्हा दोघींना शिबिराला बोलावतात, आणि दोघींनाही आपापल्या क्लबकडे रजा मागावी लागते.