मातीची वही: डोंगरउताराच्या उथळ मातीतल्या दगडांचा हिशेब

मंडळी, पावसाळा संपून वाट चालण्याजोगी झाल्याबरोबर भीमाशंकरच्या बाजूच्या रानातलं काम पुन्हा हाती घेतलं. हे रान एका परिचित काकांच्या मालकीचं आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय कुदळ चालवायची नाही, हे आपल्यात ठरलेलंच आहे, म्हणून जागा हद्दीबाहेरची. चांगला उतार आहे. हिरडा, जांभूळ, अंजन, मधूनच आंबा, खाली कारवी, आणि या सगळ्याच्या पायाशी दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा खडक.

आधी सळई ठोकून खोली पाहिली. एका जागी ती वितभर आत जाऊन टणकन थांबते, दोन पावलांवर हातभर जाते. मोठ्या दगडाच्या वरच्या अंगाला माती साठते, खालच्या अंगाला उघडी मुळं दिसतात. त्यामुळे ‘या रानातली माती अमुक सेंटिमीटर खोल’ असं वाक्य मी वहीत लिहीतच नाही. शिवाय सळई थांबली म्हणजे खडक लागला, असंही नसतं. बहुतेक वेळा ती सुट्या धोंड्याला अडलेली असते. पहारीने धोंडा हलवला की खाली पुन्हा माती आणि त्या मातीत बोटाएवढं जाड मूळ.

म्हणून या वेळी खोलीपेक्षा दगड मोजण्यावर भर दिला. पद्धत सोपी आहे, करून पाहा. छोटा चौकोनी खड्डा घ्यायचा, आत पातळ प्लास्टिकचा कागद नीट बसवायचा आणि मापाने पाणी ओतून काठोकाठ भरायचा. जितके लिटर पाणी, तितकं खड्ड्याचं आकारमान. निघालेला माल वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा. मातीचे लोक चाळणीखाली पडतं त्यालाच माती धरतात, वर उरतात ते दगडगोटे. ते काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडायचे आणि सांडलेलं पाणी मोजायचं. काम झालं की थर होते त्याच क्रमाने खड्डा बुजवायचा आणि वर पालापाचोळा परत पसरायचा. एवढी काळजी त्या जागेसाठी घ्यायलाच हवी.

दोन खड्ड्यांत आकारमानाने जवळजवळ निम्मे दगडच निघाले. ते सगळे कोनेदार. ओढ्यातल्या गोट्यांसारखी गोलाई कशालाच नाही, म्हणजे हा माल पाण्याने लांबून वाहून आणलेला नाही, वरच्या कड्यावरून सुटून उताराने सरकत आला आहे. जागतिक मृदा वर्गीकरणात फार उथळ किंवा फार दगडी मातीला लेप्टोसोल म्हणतात. सलग खडक २५ सेंमीच्या आत लागला, किंवा ७५ सेंमीपर्यंत बारीक माती सरासरी २० टक्क्यांहून कमी भरली, तर माती त्यात बसते. आपल्या उतारावरच्या काही जागा पहिल्या अटीने बसतात, पण दोन झाडं ओलांडली की बसत नाहीत.

आता खरा प्रश्न. समजा माती ३० सेंमी खोल आहे आणि त्यातले निम्मे दगड. उरली १५ सेंमी बारीक माती. झाडाला घेता येईल असं पाणी तिच्यात आकारमानाच्या १५ टक्के धरलं, तरी साठा जेमतेम २२ मिलिमीटर होतो. दाट झाडी दिवसाला ३ मिमी पाणी वापरते असं धरलं, तर आठवड्यात खडखडाट. पण पाऊस ऑक्टोबरात थांबतो आणि जूनपर्यंत भरवशाचा पाऊस नसतो. तरीही अंजन आणि जांभूळ भर मे महिन्यात हिरवेगार उभे असतात. ते पाणी येतं कुठून?

उत्तराची सुरुवात मला रस्त्याच्या कापलेल्या बाजूला सापडली. तिथे मातीखालचा मुरूम उघडा पडला आहे. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटलाय, मध्ये काळा टणक गाभा आणि भोवती तपकिरी, नखाने उकरेल असं कवच. त्या पापुद्र्यांच्या फटीतून मुळं चपटी होऊन खाली उतरली आहेत, मातीच्या थराच्या किती तरी खाली.

मग दगडांचीच परीक्षा घेतली. वाळवून वजन, रात्रभर पाण्यात, वरून पुसून पुन्हा वजन. काळ्या टणक दगडाने पाणी जवळपास घेतलंच नाही. पण कुजलेल्या तपकिरी दगडाने आणि बारीक भोकं असलेल्या दगडाने चांगलं पाणी प्यायलं. सगळ्या दगडांचा साठा शून्य धरणं ही वरच्या गणितातली गळती आहे. उथळ म्हणायचं ते बारीक मातीला. झाडाची साठवण मुरमात आणि खडकाच्या भेगांतही असते, असं मला आता ठामपणे वाटतं.

बाकीच्या नोंदी थोडक्यात. पाल्याखालचा वरचा थर गडद तपकिरी, भुसभुशीत, बारीक मुळांनी विणलेला, खाली लालसर. पट्टीवर पीएच साडेपाच ते सहाच्या दरम्यान, म्हणजे माती आम्लधर्मी. व्हिनेगर टाकलं तर एकही बुडबुडा नाही. शिरूरकडून आणलेल्या चुनखडीच्या काळ्या मातीवर तेच व्हिनेगर फसफसलं. दोन्हींचा मूळ दगड बेसाल्टच, पण इथल्या पावसाने चुना केव्हाच धुऊन नेला आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यांच्यामुळेच लाली, आणि त्यांच्यामुळेच स्फुरद असून झाडाला सहज मिळत नाही. म्हणून इथलं पोषण मुख्यतः पाल्यातून, बुरशीच्या मदतीने फिरत राहतं. पाला गोळा करून नेला किंवा जाळला तर या मातीची शिदोरीच जाते.

मातीचे कण पाण्यात किती एकत्र टिकतात ते पाहायला ढेकळाची परीक्षाही केली. रानातलं ढेकूळ पाण्यात बराच वेळ आकार धरून राहिलं. शेजारच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या तुकड्यातलं, जिथे पूर्वी वरई-नाचणी घेत, ते बघता बघता विरघळलं. त्या तुकड्यावर दगडांचा थर पसरला आहे. तो वेचून काढावा असा काकांचा विचार होता. मी त्यांना राहू द्या म्हटलं. बारीक माती आधीच वाहून गेली आहे, आणि उरलेल्या मातीवर पडणाऱ्या थेंबांचा मार हेच दगड झेलतात. काकांना पटलं.

पुढचं काम मे महिन्यात, वळवाच्या आधी. कापलेल्या बाजूचा उन्हाने सुकलेला पृष्ठभाग खरवडून आतल्या मुरमाचे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यात आणायचे, घरी ओले आणि वाळवून असे दोन्ही तोलायचे. कोयना, आंबोली किंवा ताम्हिणीकडे कुणी दगड मोजत असाल, तर नुसती टक्केवारी न लिहिता टणक दगड आणि कुजलेले दगड वेगळे तोला. तरच आपल्या वह्या एकमेकांशी ताडून पाहता येतील.