ग्रहण आहे, पण ते कोठून दिसणार?

सूर्यग्रहणाची नुसती तारीख कळून भागत नाही. ते पृथ्वीच्या कोणत्या भागातून दिसणार आहे हेही कळले, तरच त्या तारखेला आपल्यासाठी काही अर्थ उरतो. ८ एप्रिल २०२४ रोजी सोमवती अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. त्या दिवशीचे खग्रास ग्रहण मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा या देशांवरून गेले, आणि ते सुरू झाले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तरीही लातूरला आमच्या गल्लीतल्या एका गरोदर सुनेला संध्याकाळपासून जेवू दिले नव्हते. “मावशी, आपल्याकडं सूर्यच मावळलाय, तर त्याला ग्रहण कुठून लागंल?” असे मी तिच्या सासूबाईंना विचारले आणि त्यांच्याच घरातले पंचांग उघडून दाखवले. हे ग्रहण भारतात दिसणार नाही, असे त्यात स्पष्ट छापलेले होते. मग मात्र त्यांनी स्वतः ताट वाढले.

चंद्रग्रहणाचे असे नसते. तेथे पृथ्वीची छाया चंद्रावर पडते, त्यामुळे ज्यांच्या आकाशात त्या वेळी चंद्र आहे त्या सर्वांना, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पृथ्वीला, ते दिसते. सूर्यग्रहणात छाया चंद्राची असते, आणि चंद्राचा व्यास जेमतेम ३,४७६ किलोमीटर आहे. त्याची दाट छाया निमुळती होत पृथ्वीपर्यंत पोहोचते तेव्हा तिचे केवळ टोक जमिनीला टेकते. ते सहसा फार तर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर रुंदीचा पट्टा आखत पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत जाते. खग्रास स्थिती दिसते ती या पट्ट्यातच. पट्ट्याबाहेर हजारो किलोमीटरपर्यंत खंडग्रास ग्रहण दिसते आणि त्यापलीकडे काहीच नाही. चंद्र दूर असला, तर छायेचे टोक जमिनीपर्यंत पोहोचतच नाही आणि ग्रहण कंकणाकृती होते. एकाच गावाला खग्रास ग्रहण पुन्हा दिसायला सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात, ती पट्टा असा अरुंद असल्यामुळेच.

या पट्ट्यांचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. जवळजवळ सारखेच ग्रहण १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे आठ तासांनी पुन्हा घडते. पण त्या जादा आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून पट्टा तितकाच पश्चिमेकडे सरकतो. ११ ऑगस्ट १९९९ रोजी जी छाया मराठवाड्याच्या उत्तर सीमेजवळून, उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भावरून गेली (आणि पावसाळी ढगांनी जिचा अनेक ठिकाणी घात केला), तिचीच पुढची फेरी २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेवरून झाली. २२ जुलै २००९ रोजी सुरत, वाराणसी, पाटणा असे गेलेले ग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि मक्केवरून जाईल. इजिप्तमधील लक्सरजवळ तेव्हा सहा मिनिटांहून अधिक काळ अंधार पडेल. ती आपल्याकडची दीप अमावास्या. मराठवाड्यात दुपार कलल्यावर सूर्याचा थोडासाच भाग झाकलेला दिसेल, तोही ढगांनी वाट दिली तर.

खंडग्रास म्हणजे पाहण्यासारखे काही नाही, असे मात्र नव्हे. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, चंद्राची दाट छाया उत्तर ध्रुवाच्या वरून निसटून गेली आणि ग्रहण पृथ्वीवर कोठेच खग्रास झाले नाही. आमच्या अंगणातल्या लिंबाच्या पानांतून मावळतीचे ऊन ओसरीच्या चुन्याच्या भिंतीवर पडले होते. एरवी गोल असणारा प्रत्येक कवडसा त्या दिवशी एका बाजूने कुरतडल्यासारखा दिसत होता, कारण असा कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. मुलांना हे आवर्जून दाखवावे. सूर्याकडे थेट पाहायचे तर खास ग्रहणाचाच चष्मा हवा, एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच चालत नाही.

भारताच्या भूमीवर पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी आहे, आणि त्याचा पट्टा अगदी उत्तरेकडे, काश्मीर-लडाखच्या डोंगराळ भागावरून जाणार आहे. मराठवाड्यातून ते खंडग्रासच दिसेल. ज्यांना भर दिवसा सूर्याभोवतीचे प्रभामंडल पाहायचे आहे, त्यांना तेवढे अंतर कापून जावे लागेल.