अॅरिझोनाच्या दरीत भेटलेला विष्णू

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, ग्रँडव्ह्यू पॉइंटच्या कठड्यापाशी नकाशा उलगडला आणि समोरच्या निमुळत्या शिखराचे नाव मी बोट ठेवून पुन्हा एकदा वाचले. विष्णू टेम्पल. त्याच्या जवळ रामा श्राइन आणि कृष्णा श्राइन, पश्चिमेकडे ब्रह्मा टेम्पल, आणखी पुढे शिवा टेम्पल. मार्चमधील सुटीच्या त्या आठवड्यात घरची आठवण येऊ नये म्हणूनच मी सहलीला निघाले होते, आणि नेमकी तिथेच, जिथे आपल्या भाषेतला एक शब्दही कानावर पडणार नाही अशी खात्री होती तिथे, ही नावे एकामागून एक समोर आली. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही.

आम्ही चौघे होतो. गाडी चालवणारी तेलुगू मैत्रीण, प्रयोगशाळेतला नेपाळी मित्र, आयोवाची वर्गमैत्रीण आणि मी. सकाळी फिनिक्सच्या परिसरात अर्ध्या बाह्यांचे कपडे पुरेसे होते, तर दुपारी काठावर पोहोचलो तेव्हा झाडांच्या सावलीत बर्फ साचलेला होता, कारण हा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. दरीच्या आकाराविषयी लिहिण्याचा मोह मी आवरते. 446 किलोमीटर लांबी आणि दीड किलोमीटरहून अधिक खोली हे आकडे आपण शाळेत असल्यापासून वाचलेले असतात आणि काठावर उभे राहिल्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही.

ही नावे कोणी दिली, हे त्याच संध्याकाळी माहिती केंद्रात कळले. 1880 च्या दशकात क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूवैज्ञानिकाने या प्रदेशाचे सर्वेक्षण केले. दरीतून वर उठलेले थरांचे मनोरे पाहून त्याला पौर्वात्य मंदिरांची शिखरे आठवली आणि त्याने विष्णू, शिव ही नावे नकाशावर आणली. पुढच्या सर्वेक्षकांनी तीच पद्धत चालवली. म्हणून आज तिथे बुद्ध, झरतुष्ट्र आणि कन्फ्यूशियस यांच्याही नावांची शिखरे आहेत, आणि ग्रीक-रोमन देवही आहेत. मी उत्साहाने छायाचित्रे घरच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवली. आमचे एक काका लगेच उत्तरले की आपले पूर्वज तिथवर पोहोचले होते याचा हा पुरावाच आहे. काकांविषयी मला आदर आहे, तरीही मी त्यांना सविस्तर लिहून कळवले की तसे काहीही नाही. ही नावे दीडशे वर्षांचीही नाहीत. जे खरोखर आपले आहे ते सांगायला खोट्या पुराव्याचा आधार घ्यावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र रात्री जेवताना आयोवाच्या मैत्रिणीने वेगळाच प्रश्न विचारला. तुमच्या देवांची नावे कोणी तरी न विचारता उचलली, याचे तुला वाईट वाटत नाही का? मला तो प्रश्न आवडला नाही. मी तिला बराच वेळ समजावत राहिले की आमच्याकडे डोंगरात देव पाहणे हीच मूळची रीत आहे. गडावरच्या बिनआकाराच्या दगडाला शेंदूर लावला की त्याच्यासमोर आम्ही पायातल्या चपला काढतो, मग एवढ्या विराट शिखराला विष्णूचे नाव मिळाले तर त्यात खटकण्यासारखे काय आहे? नेपाळी मित्र माझ्या बाजूने बोलला. ती ऐकून घेत होती, पण तिचे समाधान झाले नाही हे दिसत होते, आणि त्यामुळे मी आणखी जोराने बोलत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'ट्रेल ऑफ टाइम' चाललो. या सहलीतून एकच गोष्ट परत अनुभवायची म्हटली तर मी हीच निवडेन. यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून काठावरच्या गावापर्यंत जाणारी ही फरसबंद वाट आहे. तिच्यावरील प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. ठरावीक अंतरावर धातूच्या खुणा बसवल्या आहेत आणि कडेला त्या त्या काळातल्या खडकांचे मोठे तुकडे मांडले आहेत, ज्यांना हात लावायला मनाई नाही. आजपासून सुरुवात करून मागे चालत जायचे. कोलोरॅडो नदीने ही दरी कोरायला घेतली तो काळ पहिल्या पाचसहा पावलांतच संपतो. एवढी थोर दरी, आणि तिचे वय सहा पावले!

सहासष्टाव्या मीटरवर मी थांबले. तिथे ना फलक होता ना दगड. मीच मनात हिशेब करत आले होते. दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरून आपला काळा कातळ तयार झाला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. ज्या कातळात कार्ले आणि वेरूळ कोरले गेले, ज्याच्या कड्यांवर आपले गड उभे आहेत, तो या वाटेवर इथे येतो. मी सोबत्यांना तसे सांगितले आणि तिघेही काही क्षण माझ्याबरोबर तिथे उभे राहिले. दरीच्या काठाचा सर्वांत वरचा थर, कैबाब चुनखडक, त्यापुढे दोनशे मीटरांवर, म्हणजे 27 कोटी वर्षांपाशी येतो. आपला सह्याद्री वयाने इतका लहान आहे हे मला तोवर कधी जाणवले नव्हते. थोडे वाईटही वाटले, आणि लगेच मी स्वतःला सांगितले की ताठपणाला वयाची गरज नसते.

वाट संपत येते तिथे, साडेसतराशे मीटरांच्या आसपास, दरीच्या तळाचे खडक आहेत. त्यांची नावे विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट आणि रामा शिस्ट. शिस्ट म्हणजे दाबाने आणि उष्णतेने रूप बदललेला, पातळ थरांचा खडक. वय सुमारे 175 कोटी वर्षे. विष्णू शिस्ट समुद्रतळावरच्या गाळापासून झाला आहे, तर ब्रह्मा शिस्ट मुळात लाव्हा होता, आपल्या कातळासारखाच बसाल्ट, जो पुढे प्रचंड दाबाने आणि उष्णतेने बदलत गेला. तो गडद दगड तळव्याखाली थंडगार लागला. माझा हात तिथे बराच वेळ होता.

त्यानंतर ब्राइट एंजल वाटेच्या तोंडाशी गेलो. उतारावर बर्फ घट्ट झालेले असल्यामुळे बुटांना लोखंडी दात बांधून आम्ही दीड मैलांवरच्या निवाऱ्यापर्यंतच उतरलो आणि परत फिरलो. याच वाटेवर आणखी तीन मैल खाली, पाण्याच्या झऱ्याजवळ, हिरवळीची एक जागा आहे. तिचे नाव 2022 पर्यंत इंडियन गार्डन होते. आता ते हवासुपाई गार्डन्स आहे. हवासुपाई या आदिवासी जमातीचे लोक तिथे पिढ्यान्पिढ्या शेती करत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तिथून हुसकावले गेले आणि त्यांतला शेवटचा रहिवासी 1928 मध्ये बाहेर काढला गेला. नाव बदलावे अशी मागणी त्या लोकांनीच केली होती. 1975 च्या कायद्याने त्यांची काही जमीन परत मिळाली. या दरीशी परंपरेने नाते सांगणाऱ्या 11 आदिवासी जमाती आहेत.

हे सारे वाचताना रात्रीचा प्रश्न मला नव्याने ऐकू आला. मैत्रिणीने विचारले होते आमच्या देवांविषयी, आणि मी उत्तरही तेवढ्यापुरतेच दिले होते. डटनने विष्णूचे नाव दिले तेव्हा त्या शिखराकडे रोज पाहणारी माणसे दरीतच राहत होती, हा विचार आदल्या दिवशी माझ्या मनाला शिवला नव्हता. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांविषयी आपण ऐकत आलो आहोत. आपली जागा सोडून जाणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको होते. तरीही मी हे लिहून ठेवते की ग्रँडव्ह्यूवर मला जे वाटले ते मी मागे घेत नाही. परक्या मुलखात विष्णूचे नाव वाचून एखाद्या मुलीचे डोळे भरून येणे यात कुणाचे काही हिरावले जात नाही, असे मला अजूनही वाटते, जरी हे वाक्य लिहिताना मी कालच्याइतकी ठाम नाही.

परतताना फ्लॅगस्टाफजवळ मैत्रिणीला मी सांगितले की तिचा प्रश्न योग्य होता. तिने मान हलवली आणि विचारले, सहासष्टाव्या मीटरवरचा तुमचा तो काळा दगड दिसतो कसा? मी फोनमधले राजगडाच्या बालेकिल्ल्याचे छायाचित्र काढून तिच्या हाती दिले.