तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे भरले, वस्तू कधी येणार?

"क्राउडफंडिंगमध्ये पैसे भरून वर्ष झालं. बुडाले का हो?" एखादी वस्तू बनण्याआधीच अनेकांनी तिच्यासाठी थोडे थोडे पैसे द्यायचे, ते क्राउडफंडिंग. गेली बरीच वर्षं मी अशा प्रकल्पांना पैसे देत आलेय, म्हणून हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो.

आधी एक लक्षात घ्या, तुम्ही खरेदी केलेली नाही. "आम्ही दुकान नाही" हे किकस्टार्टर, म्हणजे असे पैसे जमवून देणारं संकेतस्थळ, स्वतःच सांगतं. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाचे पैसे आधी भरतातच की. पण तेव्हा हस्तलिखित बहुधा तयार असतं. इथे वस्तू अजून घडायची असते, त्यामुळे दिलेली तारीख हा अंदाज असतो.

किकस्टार्टरवरच्या पेबल या स्मार्ट घड्याळाचंच बघा. 2012 च्या एप्रिलमध्ये त्यांनी 1 लाख डॉलर मागितले. जवळपास 69 हजार जणांनी मिळून 1 कोटीच्या वर दिले. सप्टेंबरचा वायदा होता, घड्याळं निघाली 2013 च्या जानेवारीत. पैसा भरपूर होता, पण थोडक्या घड्याळांसाठी आखलेली जुळणी हजारोंना पुरत नाही.

माझा एक सौर दिवा चौदा महिने उशिरा आला. मधे एकदा त्यांनी फोटो पाठवला होता: साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे झाकणावर प्लास्टिकची केसाएवढी धार, आणि त्यामुळे रबरी कडा नीट बसत नव्हती. पाणी आत गेलं असतं. साचा परत घासायला गेला, दोन महिने गेले. तो फोटो बघून मी निश्चिंत झाले. दुसऱ्या एका प्रकल्पाकडून मात्र "लवकरच" एवढंच येत राहिलं, मग तेही थांबलं. ते पैसे गेले.

पैसे खरंच बुडतात, हे लपवू नये. कूलेस्ट कूलर या खाणंपिणं थंड ठेवायच्या पेटीने 2014 मध्ये 1.3 कोटी डॉलर जमवले आणि 2019 च्या अखेरीस कंपनी बंद झाली. सुमारे 20 हजार जणांना पेटी मिळालीच नाही. म्हणून गेले तरी घर अडणार नाही एवढेच पैसे घाला, आणि प्रकल्पाच्या व्हिडिओत चालता नमुना दिसला तरच.

उशीर मी माफ करते, गप्प बसणं नाही. लोकांचे पैसे घेतले की कुठे अडलंय ते सांगायलाच हवं, आणि ते मागायला तुम्ही संकोचू नका. मला विचाराल तेव्हा महिने मोजून सांगू नका. शेवटचं अपडेट कधी आलं आणि त्यात नेमकं काय होतं, ते पाठवा.