एरर ५ : काट्याच्या प्रोग्रामची परवानगी तपासताना

जळगावच्या एका डाळ मिलमधलं हे काम. भुईकाट्याचा प्रोग्राम विंडोजवर सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी लॉगइन न करताही मागे चालतो, ट्रकचं वजन घेऊन पावतीची फाइल सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकतो. पावत्या यायच्या बंद झाल्या, लॉगमध्ये एरर ५, म्हणजे 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. एरर ३२ असता तर परवानगीकडे बघायचंच नव्हतं. तेव्हा फाइल दुसऱ्या कुणी, बहुतेकदा एक्सेलने, धरून ठेवलेली असते.

मुनीमजींचं म्हणणं, "भाऊ, मी हाताने फाइल टाकली की बरोबर जाते!" जाणारच. विंडोज प्रोग्रामचं नाव बघत नाही, तो ज्या खात्याने चालतो त्याचं टोकन, म्हणजे ते खातं आणि त्याचे ग्रुप सांगणारं ओळखपत्र, बघते. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'यूजर नेम'चा रकाना पाहिला, तर खातं 'नेटवर्क सर्व्हिस', म्हणजे सर्व्हिससाठी विंडोजमध्येच असलेलं खातं. डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनची खाती एका जागी सांभाळणाऱ्या नेटवर्कमध्ये, हे खातं दुसऱ्या मशीनवर कॉम्प्युटरच्या खात्याने जातं, ज्याच्या नावाशेवटी डॉलरचं चिन्ह असतं. म्हणजे परवानगी तपासायची ती काट्याच्या कॉम्प्युटरची.

त्याआधी फोल्डर उघडून पाहिला. आत टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फायलींचा ढीग! म्हणजे लिहिता येत होतं, अडत होतं ते पुढे. काट्याच्या मशीनवर प्रोसेस मॉनिटर, म्हणजे प्रोग्राम कोणत्या फाइलला हात लावतो ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन, लावून 'रिझल्ट'ला 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असा फिल्टर दिला. अडलेल्या ओळीत 'डिझायर्ड अ‍ॅक्सेस', म्हणजे प्रोग्रामने मागितलेले हक्क, होता रीड अ‍ॅट्रिब्यूट्स, डिलीट, सिंक्रोनाइझ. प्रोग्राम आधी टीएमपी फाइल लिहितो, मग तिचं नाव बदलून पावती करतो; आणि नाव बदलायला 'डिलीट'चा हक्क लागतो. तो 'राइट'मध्ये नसतो, 'मॉडिफाय'मध्ये असतो.

सर्व्हरवर फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' इथे गेलो; एखाद्या खात्याला प्रत्यक्षात कोणते हक्क मिळतात ते इथे दिसतं. कॉम्प्युटरचं नाव टाकलं तरी सापडत नाही, कारण 'ऑब्जेक्ट टाइप्स'मध्ये 'कॉम्प्युटर्स'वर टिक मुळात नसते. ती लावली आणि यादीत 'डिलीट'समोर लाल फुली दिसली. शेअरची परवानगी वेगळी बघावी लागते. शेअर आणि एनटीएफएस (फोल्डरच्या 'सिक्युरिटी'तली परवानगी) यांत जी कमी, तीच चालते. इथे शेअरवर 'चेंज' होतं, म्हणजे ठीक.

अशा वेळी 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन मोकळं होणारे पुष्कळ. मी फक्त त्या कॉम्प्युटरच्या खात्याला 'मॉडिफाय' दिलं. पुढच्या ट्रकची पावती लगेच पडली. हेच खातं एखाद्या ग्रुपमध्ये घालून दिलं असतं तर काट्याचं मशीन रीस्टार्ट करावं लागलं असतं, कारण ग्रुपची नावं टोकनमध्ये लॉगऑनच्या वेळीच भरली जातात.

परवानगी काढून घेताना उलटा प्रकार होतो. तपासणी फाइल उघडताना एकदाच होते, त्यामुळे आधीच उघडलेली फाइल प्रोग्राम वापरत राहतो. हक्क काढल्यावर सर्व्हिस बंद करून परत चालू करायची.